विनंती थांबा

(संस्थेच्या रौप्य महोत्सवी वर्षात सभासदांसाठी झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. वक्ते आपल्या संस्थेचे सुरुवातीपासूनचे सभासद असून एसटीच्या वाहतूक शाखेतून निवृत्त झाले आहेत.)



मला भाषणाची सवय नाही. आयुष्य बसस्थानकाच्या खिडकीत गेलं. माइकवर बोललो ते एवढंच, की अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे. त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

१ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला. बाहेरगावचे नोकरदार इथे आले, आम्ही जुने लोकही गल्लीतलं घर सोडून बाहेर पडलो आणि त्या धामधुमीत आपली सोसायटी उभी राहिली. तेव्हा आवारात सायकली होत्या, चार स्कूटर होत्या. आज गाड्या लावण्यावरून सर्वसाधारण सभेत भांडणं होतात. म्हणजे गाड्या आल्या. आता त्या गाड्यांनी कुठे जायचं, हा प्रश्न आहे.

त्याचं झालं असं. गणपतीच्या मंडपात आपल्या तरुणांनी मला एक कागद दाखवला. दिवाळीच्या सुट्टीत तीन-चार कुटुंबांनी मिळून कॅरॅव्हॅन भाड्याने घ्यायची. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत झोपायला पलंग, छोटं स्वयंपाकघर, संडास. ते घेऊन नंदुरबारहून श्रीनगर, तिथून कन्याकुमारी आणि परत नंदुरबार. दिवस १५. मुलं म्हणाली, "काका, तुम्ही एसटीतले. जरा नजर टाका."

मी नजर टाकली आणि पेन्सिल घेतली. नंदुरबार ते श्रीनगर साधारण १,९०० किलोमीटर. श्रीनगर ते कन्याकुमारी, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४, सुमारे ३,७००. कन्याकुमारी ते घर पुन्हा १,९००. एकूण ७,५००. भागिले १५, म्हणजे रोज ५००. अवजड गाडी, घाट, टोलनाके, गावातली गर्दी, चहा-जेवण धरलं तर सरासरी ताशी ४० ते ४५ च्या वर पडत नाही. म्हणजे रोज ११-१२ तास गाडीत. पंधराही दिवस. मग बघणार काय? पुढच्या ट्रकची मागची पाटी!

मुलं हिरमुसली. मी त्यांना हसलो नाही, कारण असाच एक कागद मी स्वतः केला होता. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे. घरात ही गोष्ट फार बोलली जात नाही, पण आईने परवानगी दिली म्हणून सांगतो.

आमचे अण्णा आणि आई १९८६ साली काशीला जाऊन आले होते. येताना गंगाजलाचा झाळलेला तांब्याचा गडू आणला. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची, ही आपल्याकडची जुनी रीत. अण्णांनी गडू देवघरात ठेवला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी जाऊ. पुढचं वर्ष आलंच नाही. शेती, बहिणींची लग्नं, माझी ड्युटी. असं करता करता २९ वर्षं तो गडू देवघरात राहिला. दर दिवाळीला आई चिंचेने घासायची आणि जागेवर ठेवायची.

२०१५ च्या दिवाळीत मी ठरवलं, आता न्यायचंच. १३ सीटची ट्रॅव्हलर भाड्याने ठरवली. आम्ही ११ जण आणि ड्रायव्हर. अण्णा ८० वर्षांचे, आई ७५ ची. मी वेळापत्रक केलं. धुळे, सोलापूर, विजयपूर, होस्पेट, बंगळुरू, तंजावर, रामेश्वर, कन्याकुमारी आणि परत. ४,२०० किलोमीटर, १२ दिवस. प्रत्येक गावाला पोहोचण्याची आणि सुटण्याची वेळ लिहिली होती. मी त्या कागदाच्या प्रती काढून सगळ्यांना वाटल्या. मोठा अभिमान होता मला त्या कागदाचा.

भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी पहाटे ५ ला निघालो. पहिल्या दिवशी सोलापूर गाठायचं होतं, ५६० किलोमीटर. कन्नडच्या घाटातच दीड तास गेला. सोलापूरला रात्री साडेअकराला पोहोचलो. पोरं उलट्या करून झोपली होती. दुसऱ्या दिवशी होस्पेटला मुक्काम. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना उठवायला गेलो तर त्यांना उभं राहता येईना. पाय सुजलेले, तोंड कोरडं, लघवीला आग. दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणी नाही, दोन-तीन दिवस हलवू नका.

माझ्या कागदावर मोकळा दिवस नव्हता. तंजावरची खोली ठरलेली, गाडी १२ दिवसांसाठीच ठरलेली, भावाची रजा ठरलेली. त्यात टीव्हीवर तमिळनाडूतल्या पावसाच्या बातम्या. आपला पाऊस संपतो तेव्हा तिकडे परतीच्या वाऱ्यांचा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्यांचा पावसाळा. त्या वर्षी तर नोव्हेंबरभर कोसळला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला चेन्नई बुडाली. हे मला माहीत नव्हतं. आम्हाला सुट्टी दिवाळीला, म्हणून यात्रा दिवाळीला. एवढाच विचार.

आई म्हणाली, "घर चाल रे भो. रामेश्वर काय पयी जाई राहिना का?" दोन दिवस थांबून आम्ही मागे फिरलो. गडू परत देवघरात.

२०१६ च्या पावसाळ्यात अण्णा गेले.

तेराव्यानंतर आई एकदा सहज बोलून गेली. अण्णा त्या दोन दिवसांत पाणीच पीत नव्हते. का, तर पाणी प्यायलं की गाडी थांबवायला सांगावं लागतं आणि मुलाच्या कागदावर थांबा नाही. सगळ्यांचा खोळंबा होईल. म्हणून बाटली हातात धरून बसायचे, तोंडाला लावायचे नाहीत.

मंडळी, मी ३४ वर्षं एसटीत काढली. आपल्या एसटीला रानात, फाट्यावर, जिथे स्थानक नाही तिथेही एक पाटी असते. विनंती थांबा. हात केला की गाडी थांबते. सगळ्या महाराष्ट्राला जो थांबा मिळतो, तो मी माझ्या बापाला दिला नव्हता.

असो. ते मनात राहिलं. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो आणि नवा कागद घेतला. या वेळी एकट्याने केला नाही. घरातल्या प्रत्येकाला विचारलं, तुला सलग किती वेळ बसवतं? आई म्हणाली, दीड तास. आमच्या सौ. म्हणाल्या, मला संडास स्वच्छ लागतो, बाकी काही नाही. भावजय म्हणाली, मुलांची शाळा बुडवून मी २०-२२ दिवस येणार नाही. ही खरी माहिती. नकाशा यानंतर उघडायचा असतो.

१६ जानेवारी २०१८ ला निघालो. संक्रांत झालेली, तिकडचा पोंगल संपत आलेला, पाऊस नाही, ऊन नाही. एकूण २३ दिवस. या वेळी जे नियम केले ते सांगतो. लिहून घेतलेत तरी चालेल.

पहिला नियम, दिवसाला २०० ते २५० किलोमीटर. चाक फिरायचं ते सहा तास, फार तर सात. हे मी मनाने काढलेलं नाही. तेव्हा १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. त्यात ड्रायव्हरला दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम सांगितलं होतं, आणि सलग ५ तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती. जो माणूस स्टिअरिंगवर बसतो त्याला हे लागतं, तर मागे बसलेल्या म्हाताऱ्याला किती लागेल? आणि घरची गाडी असेल, तुम्हीच चालवणार असाल, तर तुम्हीही ड्रायव्हरच. कायदा तुम्हाला विचारणार नाही, पण डोळ्यावरची झोप विचारते.

दुसरा नियम, दर दीड तासाला गाडी थांबणार. कुणी मागो न मागो. हा मुद्दा नीट लक्षात घ्या. "कुणाला थांबायचंय का?" असं विचारायचं नाही. विचारलं की म्हातारी माणसं आणि सुना "नको नको" म्हणतात. न विचारता थांबायचं. थांबल्यावर आमच्या सौ. आधी उतरून संडास बघून यायच्या. तो ठीक असेल तरच चहा सांगायचा, नाहीतर पुढचा पंप. हॉटेलवाले बघत राहायचे. बघू द्या.

तिसरा नियम, दोन-तीन दिवस प्रवास झाला की एका गावात दोन रात्री. कपडे वाळतात, पोट ताळ्यावर येतं. कुणी आजारी पडलं तर तोच दिवस उपयोगी पडतो. आमचे असे मोकळे दिवस होते वेरूळला, हंपीला, बंगळुरूला, तंजावरला, रामेश्वरला आणि कन्याकुमारीला. खर्च वाढतो, हे खरं. भाड्याच्या गाडीला रोजचे किमान किलोमीटर असतात, बहुतेक २५० किंवा ३००. गाडी उभी राहिली तरी तेवढं भाडं लागतं. म्हणून आधीच बोलून घ्यायचं, थांब्याच्या दिवसाचं भाडं वेगळं. ड्रायव्हरचा भत्ता, त्याची झोपायची जागा, टोल, राज्यांचा कर कुणाकडे, हे सगळं एका कागदावर लिहून सही घ्यायची. आणि गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण ती भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

चौथा नियम, दिवेलागणीच्या आत मुक्कामाला. एसटीची मुक्कामी गाडी बघा. संध्याकाळी गावात जाते, रात्रभर झोपते, सकाळी ताजी निघते. मुक्काम आम्ही शक्यतो भक्तनिवासात केला. तुळजापूरला भक्तनिवास आहे. वाट बदलून जाणाऱ्यांसाठी सांगतो, शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचे भक्तनिवास शेगावला आहेतच, शिवाय पंढरपूर, त्र्यंबकेश्वर आणि ओंकारेश्वरलाही आहेत. कन्याकुमारीला विवेकानंद केंद्राच्या परिसरात राहण्याची सोय आहे. आवार मोठं, गाडी सुरक्षित, म्हाताऱ्यांना फिरायला जागा.

पाचवा नियम खाण्याचा. पहिले चार दिवस घरचं. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, ठेचा, चिवडा, मेथीचे पराठे. नंतर जिथे जाऊ तिथलं. इडली आणि दहीभात म्हाताऱ्यांच्या पोटाला आपल्या शेवभाजीपेक्षा बरे! चहा आणि खिचडीपुरती विजेची शेगडी ठेवली होती, मुक्कामाच्या ठिकाणी विचारूनच लावायची. गाडीत गॅस सिलिंडर नेला नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मदुराईला स्थानकात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात सिलिंडरने आग लागली आणि ९ माणसं गेली. तेही कुटुंबंच होती, चहाच करत होती. तेव्हा या बाबतीत मोह नको.

सहावा नियम, सगळ्यांनी सगळी वाट करायलाच हवी असं नाही. भावाचं कुटुंब रेल्वेने थेट रामेश्वरला आलं, चार-पाच दिवस आमच्याबरोबर राहिलं आणि कन्याकुमारीहून रेल्वेने परत गेलं. मुलांची शाळा आठवडाभरच बुडाली. देश चाकांवर बघायचा म्हणून रेल्वेशी वैर धरायचं कारण नाही.

आता वाटेतलं थोडं सांगतो. त्याशिवाय तुम्ही निघणार नाही.

विजयपूरला गोलघुमटाच्या सज्ज्यात कानाशी बोलल्यासारखं बोललं तरी समोरच्या बाजूला ऐकू येतं. सज्ज्यापर्यंत जिना उभा आहे, आई खालीच बसली. मी वरून तिला हाक मारली. ती म्हणाली, "वरडू नको, ऐकू येतं." हंपीला आम्ही पूर्ण दिवस दिला. तिथून होस्पेटचा तो दवाखाना जवळच होता. मी एकटाच जाऊन बाहेरून बघून आलो.

तंजावरला मात्र प्रत्येक मराठी माणसाने जावं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिथे राज्य स्थापन केलं आणि पुढे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास भोसल्यांचं राज्य होतं. हजार वर्षांपूर्वी चोळ राजाने बांधलेल्या बृहदीश्वराच्या मंदिरात, भिंतीवर, १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतलाय. भिंतभर मराठी! आई दुसरी शिकलेली. बोट ठेवून एक-एक अक्षर लावत होती. सुरक्षारक्षक आला, तमिळमध्ये काहीतरी बोलला. बहुधा हात लावू नका म्हणत असावा. आई त्याला मराठीत म्हणाली, "बाबा, आमचं लिहिलंय." त्याला काय कळलं देव जाणे, पण तो हसला.

मग पांबनचा पूल. आपण रस्त्याच्या पुलावर, बाजूला खाली १९१४ सालचा रेल्वेचा पूल, दोन्हीकडे समुद्र. गडू आईच्या मांडीवर होता. गाडीत कुणी बोलत नव्हतं.

रामेश्वरला देवळाच्या कार्यालयात गंगाजलाच्या अभिषेकाची पावती होते. गडू झाळलेला आहे का ते तपासतात. ३२ वर्षांनी तो उघडला. आईने एवढंच विचारलं, "त्यांचं नाव घेता येईल का?" मी पुढे होऊन अण्णांचं नाव आणि गोत्र सांगितलं. दोन मिनिटांत झालं. रांग मागून ढकलत होती.

३१ जानेवारीला कन्याकुमारीला पोहोचलो. हा आमचा एकच लांबचा टप्पा, ३१० किलोमीटर. त्या संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण होतं. सूर्य बुडाला आणि थोड्या वेळाने समुद्रावर तांबूस चंद्र दिसायला लागला. आईने मोक्ष होईपर्यंत, म्हणजे पावणेनऊपर्यंत, काही खाल्लं नाही. पोरं मात्र भजी खात चंद्र बघत होती. दुसऱ्या दिवशी विवेकानंद शिला स्मारक बघितलं. ते उभं करायला ज्यांनी देशभरातून पैसा गोळा केला ते एकनाथजी रानडे मूळचे अमरावती जिल्ह्यातले. १९७० साली स्मारकाचं उद्घाटन झालं.

परतीला आमचीही चूक झाली, ती लपवत नाही. १,९०० किलोमीटर सहा दिवसांत आणले, रोज ३०० च्या वर. सगळी चिडचिडी झाली होती. आईने शेवटचे दोन दिवस तोंड उघडलं नाही, आणि तिने न बोलणं म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या वेळी म्हातारी माणसं आणि मुलं परत रेल्वेने, गाडी रिकामी.

रामेश्वरची वाळू काशीला न्यायची असते. ती आईने रुमालात बांधून आणली होती. मी म्हटलं, आता काशी? ती म्हणाली, "आता प्रकाशाच माझी काशी." आपल्या उशाला दक्षिण काशी आहे, तापीकाठी केदारेश्वर आहे. काशी करून आलेले लोक उत्तरपूजेला प्रकाशाला येतातच. एका सोमवारी सकाळी गेलो, तापीत वाळू सोडली आणि दुपारच्या जेवणाला घरी आलो. गडू अजून देवघरात आहे. आता त्यात तापीचं पाणी असतं.

आता तरुण मंडळींनो, तुमच्या कॅरॅव्हॅनबद्दल. मी तिच्या विरुद्ध नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, केरळनेही त्याच वर्षी आणलं. पण परदेशात अशा गाडीला रात्री उभं राहायला तळ असतात. तिथे वीज जोडता येते, पाणी भरता येतं, संडासाची टाकी रिकामी करता येते. आपल्याकडे असे तळ अजून थोडे आहेत. ती टाकी कुठे रिकामी करणार, हे विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. रस्त्याकडेच्या नाल्यात सोडणार असाल तर ती यात्रा नव्हे. पाण्याची टाकी दोन कुटुंबांच्या अंघोळीला पुरत नाही, हेही घरी सांगून ठेवा. आणि रात्री वातानुकूलन चालवायला वीज कुठून येणार ते विचारा.

माझं म्हणणं, आधी चाचणी फेरी करा. एसटीत नवा मार्ग सुरू करायचा तर आधी पाहणी होते. तुम्ही तीच गाडी, तीच माणसं घेऊन तोरणमाळला जा. शहाद्यावरून सातपायरी घाट चढायचा, यशवंत तलावाजवळ दोन रात्री काढायच्या आणि यायचं. कोणाला गाडी लागते, कोण घोरतं, कोणत्या वहिनींचं कोणत्या वहिनींशी स्वयंपाकावरून पटत नाही, हे सगळं घरापासून जवळच कळेल. कळलं आणि तरी हौस राहिली, तर मोठा बेत करा. काश्मीर एका वर्षी, कन्याकुमारी दुसऱ्या वर्षी. दोन्ही एका सुट्टीत बसत नाहीत. आणि कन्याकुमारीला दिवाळीत नाही, संक्रांतीनंतर.

गाडीत तीन नंबर चिकटवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, कुठेही संकटात ११२, रुग्णवाहिकेला १०८. पैसे एकाच्या हातात आणि हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात ठेवा. रोज रात्री वाचून दाखवा, म्हणजे सोसायटीत परत आल्यावर बोलणं बंद होणार नाही. आपल्या सभांचा अनुभव आहेच!

माझ्या २०१८ च्या वेळापत्रकाची प्रत सचिवांकडे दिली आहे. ज्याला हवी त्याने झेरॉक्स काढावी. त्यात दर दीड तासाला लाल पेनाने "वि. थां." असं लिहिलेलं दिसेल. मुलं विचारतात हे काय, म्हणून आज सांगितलं. तुमचं वेळापत्रक तुम्ही करा, गावं बदला, दिवस बदला. तेवढा लाल पेन मात्र ठेवा.

आई आज पहिल्या रांगेत बसली आहे. आता ८४ ची आहे. मघापासून पाण्याची बाटली दाखवतेय. मला पाणी पी म्हणते की भाषण संपव म्हणते, ते कळत नाही. दोन्ही करतो.